बैलगाडीतला प्रेक्षक आणि तंबूतला कामगार



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘तंबूतला सिनेमा’ असे उत्तर दिले. त्यांचा चेहरा थोडा पडला. कामगार-संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस पगार, बोनस, संप यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, बोलणार आहे त्यावरच; फक्त वाट जत्रेवरून जाईल. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा भाषेत काही उणेअधिक निघाले तर चालवून घ्यावे. हिशेबात निघाले, तर मात्र मला जरूर थांबवावे.

अमेरिकेत मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची थिएटरे असतात, हे आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन इथे ६ जून १९३३ रोजी असे पहिले थिएटर उघडले. मोकळे मैदान, एका टोकाला भिंतीएवढा पडदा, आणि गाडीचे तोंड किंचित वर राहील असे मातीचे उंचवटे. माणसे गाडीतून न उतरता चित्रपट पाहत. १९५० नंतरच्या दहा वर्षांत ह्या थिएटरांची संख्या चार हजारांच्या घरात गेली होती. आज ती तीनशेच्या आसपास उरली आहेत. ती का मोडली? घरोघर टेलिव्हिजन आला, मग व्हिडिओ आला, पुढे रीळ जाऊन महागडे डिजिटल यंत्र आले, हे सर्व खरे. पण एक मोठे कारण त्यांच्या चाकांखाली होते. ही मैदाने गावाबाहेर स्वस्तात घेतलेली. शहर वाढत वाढत तिथवर पोचले, आणि एवढ्या एकरांवर रात्री एखाददुसरा खेळ दाखवण्यापेक्षा तिथे दुकानांचा बाजार उठवणे मालकाला कितीतरी पटींनी परवडू लागले. थिएटर बंद झाले, पण मालक रिकाम्या हाताने घरी गेला नाही.

मुंबईतही वांद्र्याला १९७७ साली असे थिएटर निघाले होते. ते बंद पडले, आणि तो परिसर आज देशातल्या अत्यंत महाग जमिनींपैकी एक आहे. त्याच परिसरात नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बाजारसंकुलाच्या गच्चीवर मोटारींचे नवे थिएटर उघडले. म्हणजे सिनेमा पुन्हा आला तो गच्चीवर आला, आणि तिथे चढायला मोटार हवी.

आपल्याकडे मोटारी कुठल्या? आपल्याकडे बैलगाड्या होत्या. जत्रेच्या माळावर गाडी सोडायची, बैलांपुढे कडबा टाकायचा, म्हातारीला गाडीत निजवायचे, आणि पोरेबाळे घेऊन तंबूत शिरायचे. सातारा-सांगलीतला उघड्या माळावरचा सिनेमा तो हा. जुन्या माणसांना सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो: सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता, मग तो जिल्हा दक्षिण सातारा झाला, आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणू लागले. तंबूवाल्यांनी ही वाटणी कधी मनावर घेतली नाही. त्यांचा जिल्हा देवांच्या पंचांगावर चाले. मार्गशीर्षाच्या प्रारंभी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, त्याच महिन्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा आणि तिकडे जतला यल्लमा, पौषात पालीचा खंडोबा आणि मांढरदेवी, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंदी. मिरगाचा पाऊस पडला की कनाती गुंडाळून ठेवायच्या आणि ज्याने त्याने आपापल्या गावी पेरणीला जायचे.

सांगलीकरांना अभिमान आहे की विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ तिथे उभे केले. तो अभिमान रास्त आहे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू, ह्यांचीही आपण नावे घेतो, आणि घ्यावीत. तंबूतल्या सिनेमाला मात्र कुणी कलावंत म्हणत नाही, कारण त्यात पडद्यावर दिसणारा माणूस गावात आलेलाच नसतो. जो येतो तो पडद्यामागे राबतो. वास्तविक आपल्या सिनेमाच्या जन्मापासून ही फिरती चाकरी त्याला चिकटलेली आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि पुढे स्वतःच यंत्र आणि चित्रपट घेऊन गावोगाव हिंडले.

आता तंबूत काय चाले ते सांगतो. माझा एक मामेभाऊ त्यात होता, म्हणून शाळा सोडल्यावर दोन हंगाम मीही खुंट ठोकले आहेत; ऐकीव सांगत नाही.

ट्रक माळावर आला की पहिले काम जागा आखण्याचे. मग खुंट. उन्हाळ्यात माळाची जमीन दगडासारखी असते, घणाचे दहा घाव घातल्यावर खुंट वीतभर आत जातो. मधले खांब उभे करायला सात-आठ माणसे दोरांना लागत. कनाती बांधायच्या, पडदा ताणायचा, भोंगे लावायचे, जनरेटर लांब नेऊन ठेवायचा, कारण त्याची धडधड आत आली तर लोक ओरडत. यंत्र ट्रकच्या पाठीतच बसवलेले असे. ट्रक तंबूच्या टोकाला मागे घ्यायचा, फाळके उघडायचे, की झाली ऑपरेटरची खोली. इकडे एकजण गळ्यात खळीचा डबा अडकवून भित्तिपत्रके चिकटवायला गेलेला, दुसरा जीपमध्ये कर्णा घेऊन वाड्यावस्त्यांवर ओरडत फिरतो आहे. संध्याकाळी तिकिटाची खिडकी उघडे. पहिला खेळ नऊला, मग बाराला, मग तीनला. गर्दी असेल तर उजाडेपर्यंत. सकाळी सात वाजता तीच माणसे पालथी पडलेली असत, कुणी ट्रकखाली, कुणी कनातीच्या घडीवर.

ऑपरेटरचे काम बाहेरच्याला बटण दाबण्यासारखे वाटते. मी त्याचा हिशेब एकदा मांडला होता. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे जातात. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट पट्टी. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट. एका खेळात दोन लाख सोळा हजार चित्रे त्या दातेरी चाकांवरून सरकायची, आणि त्यांतले एक जरी अडकले तरी दिव्याच्या आचेने तिथेच त्याला भोक पडायचे. आणि पट्टी कुठली? मुंबई-पुण्याला, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला फिरून जी जीर्ण होऊन येई ती. दर पाच मिनिटांनी सांधा. ऑपरेटर हाताच्या बोटाने पट्टीची कड चाचपून सांगे की पुढचा सांधा कच्चा आहे. दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी. त्या कांड्या जळत जातात तशा पुढे सारत राहावे लागते, नाहीतर पडद्यावर अंधार येतो. दोन यंत्रे असली, तर एक रीळ संपताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो, तो पाहून दुसरे यंत्र सोडायचे. एकच यंत्र असले, तर रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या ऐकायच्या. कांडीच्या धुराने छाती भरते आणि त्या उजेडाने डोळे जातात. ऑपरेटरला सरकारी परवाना लागे. परवाना त्याच्या खिशात होता. मालकाच्या हजेरीवहीत मात्र त्याचे नाव नव्हते, कारण हजेरीवहीच नव्हती.

प्रेक्षकांविषयीही थोडे बोलले पाहिजे. तंबूत खुर्ची नव्हती. पुढे बसलात काय, मागे बसलात काय, खाली मातीच होती आणि तिकीट एकच होते. बायकांची बाजू वेगळी असे. माझे वडील सांगत की ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, ते पैसे टाकून तंबूत शिरले की वाड्यावरच्यांच्या मांडीला मांडी लावून बसत, आणि अंधारात कोण कोणाला विचारणार? हे फार मोठे परिवर्तन होते असे मी म्हणत नाही. सकाळी पाणवठा होता तसाच असे. पण तीन तास का होईना, ते घडत होते. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. तो पुण्यात विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला हे पुस्तकांत आहे. माळावर तो किती वर्षे चालला, ते पुस्तकांत नाही. ‘जय संतोषी माँ’ १९७५ साली आला, तेव्हा माणसे पडद्यापुढे चपला काढत आणि नारळ फोडत. दादा कोंडक्यांच्या चित्रपटाला हसून हसून कनात पडल्याचे मी स्वतः पाहिले आहे. आणि १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा बायका रडत बाहेर येत आणि पुढच्या खेळाचे तिकीट काढून पुन्हा आत जात. तिकीट फाडणाऱ्याच्या हातात आपले लहान मूल देऊन एकजण आत गेलेली मला आठवते. तिकडे ती रडते आहे, इकडे हा एका हाताने तिकिटे फाडतो आहे.

हे सारे कशाने गेले? एका घावाने गेले नाही. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टेलिव्हिजन आला, मागून व्हिडिओची पार्लरे आली, १९८७ मध्ये ‘रामायण’ आले, पुढे केबल आली. तरी तंबू टिकला, कारण जत्रेला आलेला माणूस घरी नसतोच. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, आणि न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर जत्रांतल्या गर्दीवरची नजर कडक झाली. ते योग्यच होते. जीव जाण्यापेक्षा तंबू गेलेला बरा. पण गर्दीतच ज्याचे पोट, त्याला त्याची झळ लागली.

खरा फास लागला तो २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत. रिळांच्या प्रती निघणेच बंद झाले. चित्रपट आता पेटीत न येता तबकडीत किंवा उपग्रहावरून येऊ लागला, आणि तो उघडायला दर वेळी सांकेतिक किल्ली लागे. माळावर रेंज नाही, किल्ली उतरत नाही, बाहेर पाचशे माणसे शिट्ट्या मारीत आहेत, असे प्रसंग घडले. ज्या मालकांनी कर्ज काढून नवे यंत्र घेतले, त्यांना वर्ष-दोन वर्षे बरी गेली. मग २०१६ च्या सप्टेंबरात फुकट डेटाचे युग उगवले आणि जो तो आपापल्या तळहातावर सिनेमा पाहू लागला. त्यावर २०२० ची टाळेबंदी. सलग दोन वर्षे जत्राच भरल्या नाहीत. महाराष्ट्रातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांत शहरांतल्या थिएटरांचे फोटो होते.

ह्याच सुमारास तंबूला मानसन्मानही मिळाले, हे गमतीचे आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्या दोघांनी वर्षानुवर्षे आपल्याकडच्या फिरत्या टॉकीजबरोबर हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. तो २०१६ साली फ्रान्समध्ये कान येथे दाखवला गेला आणि वाखाणला गेला. मला तो आवडला. पण बघताना माझे लक्ष सारखे एकाच गोष्टीकडे जात होते: ह्या माणसांचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरतो आहे?

आता कायद्याकडे येतो. कंटाळू नये, फार वेळ घेणार नाही. १९८१ साली संसदेने सिने-कामगार आणि चित्रपटगृह कामगारांसाठी कायदा केला. ज्या चित्रपटगृहात पाच किंवा अधिक कामगार असतील, तिथे भविष्यनिर्वाह निधी लागू, असे त्यात होते. आणि चित्रपटगृह म्हणजे काय? चित्रपट दाखवण्यासाठी ज्या जागेला कायद्याने परवाना मिळाला आहे ती जागा. भिंती असाव्यात, छप्पर असावे, असे त्यात कुठेही नव्हते. तंबूला परवाना लागत होता. म्हणून आमचे म्हणणे असे की तंबू हेही चित्रपटगृहच. दुसरा १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा. त्यात हंगामी कामगारांची सोय होती: धंदा जितके दिवस चालला, त्यांतले पाऊणशे टक्के दिवस जो कामावर होता, त्याची नोकरी अखंड धरायची आणि दर हंगामाला सात दिवसांची मजुरी द्यायची. साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांसाठी हेच कलम आम्ही वर्षानुवर्षे वापरले आहे. हे जुने कायदे पुढे २०२० च्या संहितांत सामावले गेले आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. मी सांगतो ते प्रकरण जुन्या कायद्यातले.

खटाव तालुक्यातला एक ऑपरेटर. बावीस हंगाम एकाच मालकाकडे. २०१४ मध्ये दिवाळीनंतर तो नेहमीप्रमाणे पिशवी भरून गेला, तर मालक म्हणाला, आता यंत्र बदलले, माझा पुतण्याच लॅपटॉप चालवतो, तू येऊ नकोस. तो माझ्याकडे आला. बावीस हंगामांचे सात दिवसांप्रमाणे एकशे चोपन्न दिवस; दिवसाला तीनशे रुपये मजुरी; शेहेचाळीस हजार दोनशे रुपये. मागणी साधी, सरळ, न्याय्य. मी नोटीस लिहिली.

मग मालकाला भेटायला गेलो. आजवर ज्या मालकांशी माझी गाठ पडली, त्यांच्या टेबलावर काच असे. ह्याचे घर पत्र्याचे होते. अंगणात दोन जुनी यंत्रे पोत्याने झाकून ठेवलेली. भंगारवाल्याने ती किलोवर मागितली होती. नव्या यंत्राचे कर्ज डोक्यावर. तो म्हणाला, “भाऊ, कायदा तुमच्या बाजूनं आहे, मला मान्य आहे. पण घ्यायचं काय ते बघून घ्या.” अमेरिकेतल्या मालकाची गोष्ट मी आरंभी सांगितली, ती ह्यासाठी. त्याच्या थिएटरखाली जमीन होती. थिएटर मेले, जमीन उरली. आमच्या तंबूवाल्याने आयुष्यभर तीन-चार दिवसांच्या भाड्याच्या माळावर धंदा केला. जत्रा उठली की खालची जमीन पुन्हा गायरान. त्यामुळे धंदा बुडाला तेव्हा मालकाजवळ भंगार उरले, आणि ऑपरेटरजवळ बोटांतली जी विद्या होती, तिला भंगाराचाही भाव आला नाही.

अशा वेळी संघटनेच्या माणसाने काय करायचे? आमच्या कार्यकारिणीत ह्यावर कडाक्याचे भांडण झाले. तरुण मंडळी म्हणाली, दावा लावा, ट्रक जप्त करा. जुने म्हणाले, ट्रक जप्त केला तर उरलेल्या नऊ माणसांचा हंगाम जाईल. दोघांचेही खरे होते. मी दावा लावला. माझे मत असे आहे की मालक गरीब आहे म्हणून कामगाराचा हक्क उणा होत नाही. तो हक्क कागदावर सिद्ध झाला पाहिजे, वसुली कशी करायची ते नंतर पाहू. सिद्ध करायलाच चार वर्षे लागली. हजेरीवही नाही, पगारपत्रक नाही. बावीस वर्षे हा माणूस तिथे होता ह्याला पुरावा काय? अखेर कामी आले ते दोन कागद. एक, मालकाने परवान्यासाठी केलेल्या जुन्या अर्जाची नक्कल, त्यात ऑपरेटर म्हणून ह्याचे नाव. दुसरा, पुसेगावच्या यात्रेत कुणा हौशी माणसाने काढलेला फोटो. त्यात ट्रकच्या फाळक्यावर हा बसला आहे, मागे टॉकीजचे नाव रंगवलेले आहे, आणि शेजारच्या भित्तिपत्रकावर चित्रपटाचे नाव स्पष्ट आहे, त्यावरून साल ठरले.

२०१८ मध्ये तीस हजारांवर तडजोड झाली, हंगामाअखेर दहा-दहा हजारांचे तीन हप्ते. पहिला २०१९ मध्ये आला. दुसरा २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या आठवडाभर आधी. तिसरा आला नाही, कारण पुढचा हंगामच आला नाही. ऑपरेटर आता एका मंगल कार्यालयात रात्रीची राखण करतो. तिथे लग्नात मोठ्या पडद्यावर नवरानवरीचे फोटो दाखवतात. यंत्र अडले तर ते त्याला हाक मारतात, आणि तो जाऊन पाहतो. वायर सैल झालेली असते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा कामाचे बोलून थांबतो. आम्ही एक वही केली आहे. तंबूत काम केलेल्या माणसाचे नाव, गाव, किती हंगाम, काय मजुरी. ऑपरेटर, दारावरचे, खुंट ठोकणारे, खळ लावणारे, सगळे. पुरावा मात्र त्यांच्याजवळ क्वचितच असतो, तो आपल्याजवळ आहे. आपल्या घरी जुन्या जत्रेचे फोटो असतील, पेटीत, अल्बममध्ये, आजोबांच्या चौकटीमागे. पाळण्यातल्या मुलाचा, बैलजोडीचा, रथाचा फोटो असेल, आणि मागे तंबू आला असेल. भिंग घेऊन पाहावे. दोर धरून कुणी उभा दिसला, तर त्या फोटोची एक प्रत आम्हाला द्यावी, आणि साल आठवत असेल तर मागे पेन्सिलीने लिहावे. माझा पत्ता मी चिटणिसांजवळ ठेवला आहे.